साच्यातल्या काचेवरची रंगीत झाक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही ‘कार्निव्हल ग्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या काचसामानाची थोडक्यात ओळख करून दिली होती. ही काच साच्यात घडवलेली असते आणि तिच्या पृष्ठभागावर कोन बदलला की रंग बदलणारी झाक असते. त्या लेखानंतर नाशिक शहर, देवळाली कॅम्प आणि निफाड तालुक्यातून बरीच पत्रे आली. अनेकांनी सोबत छायाचित्रेही पाठवली. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. छायाचित्र पाहून दिलेले मत वस्तू हातात घेऊन दिलेल्या मताइतके पक्के नसते, एवढे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात देवघराशेजारच्या कोनाड्यात फिकट केशरी काचेची एक फुलदाणी आहे. तिला वेढा घातलेला मासा आहे आणि उजेडात ती गुलाबी-सोनेरी चमकते. सासूबाईंच्या लग्नात ती आहेरात आली, असे त्या सांगतात. वाडा आता पाडायचा आहे आणि घरातले म्हणतात की हे जुने सामान एकदाचे काढून टाका. ही वस्तू विलायती आहे का? ठेवावी की द्यावी? — एक वाचिका, पंचवटी

उत्तर : ही फुलदाणी विलायती नाही. ती बहुधा उत्तर प्रदेशातील फिरोजाबादची आहे, आणि आमच्या मते ती जपण्याचे ते एक कारण अधिक आहे. फिरोजाबादला आपण बांगड्यांचे गाव म्हणून ओळखतो, पण तेथे सेठ छदामीलाल जैन यांनी उभारलेल्या जैन ग्लास वर्क्समध्ये अशा झाकेचे पेले आणि फुलदाण्याही मोठ्या प्रमाणावर होत असत. वेढा घातलेला मासा, फुलदाणी धरलेला हात आणि हत्ती हे त्या कारखान्याचे गाजलेले नमुने आहेत. अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले संग्राहक आज ते आवर्जून शोधतात. आपल्याकडे मात्र अशा वस्तू वाडा रिकामा करताना रद्दी आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर बाहेर पडतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

खातरजमा आपण घरीच करू शकता. दिवसा खिडकीपाशी फुलदाणी उलटी धरून बूड नीट पाहावे. या कारखान्याच्या काही वस्तूंच्या बुडाशी रोमन लिपीत ‘जैन’ ही अक्षरे उठावात आलेली असतात. ती दिसली तर प्रश्नच मिटला. दिसली नाहीत तरी निराश होऊ नये, कारण खूण नसलेल्या वस्तूही पुष्कळ आहेत. त्यानंतर तोंडातून बोट जाईल तितके आत घालून भिंत चाचपावी. बाहेर माशाचे खवले जेथे फुगीर आहेत तेथेच आतून खोलगट लागत असेल, तर काच साच्यात फुंकून फुगवलेली आहे, कारण फुगताना काच साच्याच्या प्रत्येक खाचेत शिरते आणि तिची आतली बाजूही तोच आकार घेते. याउलट दाबून केलेल्या भांड्यात आत लोखंडी दट्ट्या उतरलेला असतो, म्हणून बाहेर कितीही नक्षी असली तरी आतली भिंत गुळगुळीत राहते. फिरोजाबादच्या या फुलदाण्या बऱ्याचशा फुंकलेल्या असल्यामुळे आकाराच्या मानाने हलक्या आणि पातळ असतात. आपल्या छायाचित्रात तोंडाच्या कडेची जाडी पाहता आपलीही तशीच असावी. पातळ असल्यामुळेच त्या फार थोड्या शिल्लक राहिल्या आहेत. तेव्हा ती उचलताना गळ्याला धरू नये, एक हात बुडाखाली ठेवावा.

आता ठेवावी की द्यावी याबद्दल. आमचे मत विचाराल तर ठेवावी, आणि नुसती ठेवू नये, तिची हकिगत लिहून ठेवावी. अमेरिकन कारखान्यांच्या छापील याद्या, जाहिराती आणि नमुन्यांची चित्रे संग्राहकांनी वर्षानुवर्षे खपून जमवली आहेत. एखादा वाडगा समोर आला की तो कोणत्या कारखान्याचा आणि साधारण कोणत्या वर्षांतला, हे तेथे पुष्कळदा सांगता येते. आपल्याकडच्या काचसामानाची अशी नोंद फार थोडी आहे, त्यामुळे घरच्यांची आठवण हाच पुरावा ठरतो. सासूबाई सांगू शकत असतील तर लग्नाचे वर्ष, आहेर कोणी केला, तो कोणत्या गावच्या बाजारातून घेतला होता आणि फुलदाण्यांची जोडी होती की एकच, हे त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घ्यावे. कागद फुलदाणीत घालून ठेवला तरी चालेल, पण चिकटपट्टीचे लेबल झाकेवर लावू नये, कारण ते काढताना झाकही निघू शकते. नाशिककरांना नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, आणि नाणे कोठे व कशासोबत सापडले ही माहिती हरवली की त्याचे अर्धे मोल जाते, हे तेथे जाऊन आलेल्या कोणालाही पटेल. तळेगाव दाभाड्याच्या पैसा फंड काच कारखान्याची किंवा ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची आठवण आपण ज्या आपुलकीने काढतो, ती आपुलकी फिरोजाबादच्या या माशालाही मिळाली पाहिजे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे द्राक्षांच्या घोसाची नक्षी असलेले काचेचे निळे पात्र दिसताच मी घेतले. पाय उंच आहे, वर झाकण आहे आणि सगळ्या अंगाला निळी-हिरवी चमक आहे. विकणाऱ्याने सांगितले की इंग्रजांच्या काळात नाशिकच्या बागाईतदारांसाठी ही भांडी मुद्दाम तयार करून घेतली होती आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. हे खरे आहे का? — एक बागाईतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : हे खरे नाही. द्राक्षांचा घोस ही अमेरिकन दाबकाचेची अगदी आवडती नक्षी होती आणि तिचा नाशिकच्या बागांशी काही संबंध नाही. आपल्या पात्राचा आकार, सर्वत्र सारखी पसरलेली चमक आणि झाकणाची ठेवण पाहता ते अमेरिकेतील इंडियाना ग्लास कंपनीने १९७० च्या दशकात मोठ्या संख्येने काढलेल्या ‘हार्वेस्ट’ मालिकेतले असावे असे आम्हाला वाटते. ती मालिका निळ्या आणि सोनेरी अशा दोन्ही रंगांत निघाली आणि इतकी खपली की आजही ती सहज मिळते. पात्र देखणे आहे, घरात ठेवण्याजोगे आहे, परंतु त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूची किंमत मोजायला नको होती. विकणाऱ्याशी बोलणे शक्य असेल तर अवश्य बोलावे.

द्राक्षांची जुनी भांडी कशी असतात, हे आपल्याला पुढच्या खरेदीसाठी माहीत असावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. झाकेची दाबकाच बाजारात आणण्याचे श्रेय वेस्ट व्हर्जिनियातील विल्यम्सटाउन येथील फेंटन कंपनीला दिले जाते. वर्ष साधारण १९०७-०८. त्याआधी लुई कम्फर्ट टिफनी यांची हाताने फुंकलेली झाकेची काच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहोचली होती, पण ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेवर तशीच झाक फेंटनने आणल्यावर इतर कारखाने लगेच मागोमाग आले. वेस्ट व्हर्जिनियातीलच व्हीलिंगचे हॅरी नॉर्थवूड, ओहायोतील बेलेअरची इंपीरियल कंपनी, पेनसिल्व्हेनियातील ड्यूगन आणि ओहायोतीलच मिलर्सबर्ग ही त्यांतली ठळक नावे. मिलर्सबर्गचा कारखाना फेंटन बंधूंपैकी जॉन यांनी काढला होता. तो जेमतेम काही वर्षे चालला, म्हणून त्याच्या वस्तू आज दुर्मीळ आहेत.

द्राक्षांचा घोस आणि खाली दोरखंडाचा पट्टा ही नॉर्थवूडची सर्वांत गाजलेली नक्षी आहे. या नक्षीत वाडगे, ताटल्या, जग, पेले, लोणीपात्रे, असे एवढे प्रकार निघाले की केवळ तीच गोळा करणारे संग्राहकही आहेत. फेंटननेही तिच्यासारखी नक्षी काढली. नॉर्थवूडच्या पुष्कळ वस्तूंवर वर्तुळात इंग्रजी ‘एन’ आणि त्याखाली आडवी रेघ अशी खूण असते. मात्र त्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण पुढे काही नव्या मालावर तिच्याशी मिळतीजुळती, घाईत पाहणाऱ्याला फसवणारी खूण आलेली आहे. इंपीरियलने १९६० च्या दशकात आपलेच जुने साचे पुन्हा वापरले, पण त्या मालावर ‘आय’ आणि ‘जी’ ही अक्षरे एकमेकांवर घातली. १९७० पासून फेंटननेही नव्याने काढलेल्या झाकेच्या काचेवर लंबवर्तुळात आपले नाव टाकले. ही पद्धत आम्हाला प्रामाणिक वाटते. जुन्या साच्यातून नवी वस्तू काढण्यात गैर काही नाही, ती जुनी म्हणून विकणे गैर आहे.

खूण नसेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. जुन्या वाडग्याच्या बुडाच्या कड्याला वर्षानुवर्षे टेबलावर सरकल्याने बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे पडलेले असतात. मुद्दाम घासून आणलेले ओरखडे बहुधा एकाच दिशेचे दिसतात. झाक आणण्यासाठी गरम काचेवर क्षाराचा फवारा मारताना वस्तू बुडाशी पकडलेली असे, त्यामुळे जुन्या वस्तूच्या बुडावर झाक बहुधा नसते किंवा विरळ असते. तेथूनच काचेचा मूळ रंगही कळतो. आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कड. जुन्या वाडग्याची झालरीसारखी कड साच्यातून येत नसे. साच्यातून निघालेले भांडे पुन्हा तापवून कारागीर ती हाताने वळवीत असे. म्हणून एकाच साच्यातून एकदा खोलगट वाडगा, एकदा पसरट ताटली, तर एकदा वर वळलेल्या काठाचे भांडे निघालेले आढळते आणि एका वाडग्याची झालर दुसऱ्याच्या झालरीशी तंतोतंत जुळत नाही.

प्रश्न : या काचेवर सोन्याचा मुलामा असतो असे ऐकले. मग रंग इतके का बदलतात? — भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : सोने नसते. साच्यातून काढलेल्या गरम काचेवर कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्लोराइडचा द्रव फवारला जातो. उष्णतेने त्याचे विघटन होऊन त्या धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर काचेवर बसतो. हा थर मिलिमीटरच्या काही दहा-हजाराव्या भागाइतकाच जाड असतो, म्हणजे त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास जाते. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उठून दिसतात, काही एकमेकांना छेद देऊन नाहीसे होतात. कोन बदलला की किरणांच्या वाटेतला फरक बदलतो आणि रंगही बदलतो. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलात आपण हेच पाहतो.

आपल्याला यातला एक बारकावा आवडेल. काच फार तप्त असताना फवारा बसला तर थराला सूक्ष्म सुरकुत्या आणि चिरा पडतात आणि झाक मखमली, मंद दिसते. काच थोडी निवल्यावर फवारले तर थर अखंड राहून आरशासारखा लखलखीत दिसतो. मिलर्सबर्गच्या वस्तू या लखलखीत झाकेसाठी नावाजल्या गेल्या. फवारल्यानंतर पुन्हा आकार ओढला तर थर तडकून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या रेषा उमटतात, आणि अशा काचेचा संग्राहकांनी वेगळा वर्गच केलेला आहे.

काचेचा मूळ रंग हा स्वतंत्र विषय आहे. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा आणि सेलेनियमने लाल रंग येतो. लाल काच रंग धरण्यासाठी पुन्हा तापवावी लागते आणि उष्णता कमीजास्त झाली की तिच्या कडा पिवळ्या राहतात. लाल झाकेच्या वस्तू महाग असण्यामागे हा त्रासही आहे. सर्वांत जास्त आढळणारा झेंडूसारखा केशरी रंग मात्र काचेचा नसतो. आत काच बिनरंगी असते आणि केशरी छटा लोखंडाच्या क्षारातून आलेली असते.

प्रश्न : आजोबांनी देवळाली कॅम्पातला बंगला घेतला तेव्हा पूर्वीच्या पारशी मालकांनी काही काचसामान तसेच ठेवून दिले होते. त्यात एक केशरी झाकेचा वाडगा आहे. आतल्या बाजूची झाक मधोमध उडाली आहे आणि तेथे साधी पांढरी काच दिसते. ती पुन्हा बसवून मिळेल का? आणि हे सामान धुवावे कसे? दिवाळीच्या साफसफाईत घासायला काढतो तेव्हा भीती वाटते. — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : झाक पुन्हा बसवता येत नाही. त्यासाठी वाडगा भट्टीत शेकडो अंशांपर्यंत तापवावा लागेल आणि त्यात तो तडकण्याचीच शक्यता जास्त. बाजारात मिळणारे रंगाचे फवारे थंड काचेवर नुसते चिकटतात, नखाने निघतात आणि वस्तूचे मोल कायमचे घालवतात. मधोमध झाक उडाली आहे, याचा अर्थ वाडगा कोणे काळी रोज वापरात होता आणि चमच्यांनी खरवडला गेला होता. त्याला आहे तसा ठेवावा.

घासायला काढू नये, हे आपल्या भीतीचे नेमके उत्तर आहे. पितळेची भांडी आपण चिंचेने, लिंबाने किंवा पावडरीने उजळवतो आणि त्याच ओघात काचेलाही तेच लावले जाते. आंबट पदार्थ त्या पातळ थरावर परिणाम करतात आणि खरखरीत घासणी तो थेट काढून टाकते. व्हिनेगर आणि ब्लीचही वर्ज्य. टबात जाड टॉवेल अंथरावा, कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि बोटांनीच धुवावे. नक्षीच्या खाचांत मळ अडकला असेल तर लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी गाळण यंत्रातील पाण्याने विसळून जुन्या मलमलीने टिपावे, चोळू नये. डिश धुण्याच्या यंत्रात ही काच कधीही घालू नये. तापमानाचीही काळजी घ्यावी. थंडीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पारा फार खाली जातो. अशा सकाळी कपाटातून काढलेल्या गार वाडग्यावर गरम पाणी ओतले तर तो हातातच दुभंगेल.

काही वाचकांनी फुलदाणीच्या आतल्या दुधी डागांविषयी विचारले आहे. पाणी फार काळ आत राहिल्याने काचेतील क्षार निघून जातात आणि पृष्ठभागच खराब होतो. हा मळ नसल्यामुळे तो धुऊन जात नाही. झाकेच्या फुलदाणीत ताजी फुले ठेवायचीच असतील तर आत दुसरे अरुंद भांडे ठेवून त्यात पाणी घालावे.

प्रश्न : अशा वाडग्यात खाण्याचे पदार्थ ठेवले तर चालतील का? — एक गृहिणी, गंगापूर रोड

उत्तर : पाहुण्यांसमोर सुका मेवा किंवा बत्तासे थोडा वेळ ठेवायला हरकत नाही. दही, लोणचे, कोशिंबीर, चिरलेली फळे ठेवू नयेत. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नये.

प्रश्न : नोकरी नुकतीच लागली आहे, पैसे बेताचे आहेत, पण हा संग्रह करण्याची फार इच्छा आहे. नाशिकमध्ये कोठे शोधावे आणि काय पाहून घ्यावे? — एक तरुण वाचक, सिडको

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला. पहिला सल्ला असा की खरेदीच्या आधी हात आणि डोळे तयार करावेत. ओळखीच्यांच्या घरी असे काही असेल तर ते हातात घेऊन वजन, कड, बूड पाहण्याची सवय लावावी. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तू घेऊन बसणाऱ्यांकडे अधूनमधून काचसामान येते. जुन्या नाशकातील वाडे रिकामे होतात तेव्हा ते लिलावाला किंवा भंगाराला जाण्याआधी मालकांशी नम्रपणे बोलल्यास काही तरी हाती लागते. मुंबईचा चोरबाजार मोठा आहे, तेथे माल जास्त आणि बनवाबनवीही जास्त, म्हणून तो नंतरसाठी ठेवावा.

दुसरा सल्ला असा की अमेरिकन नावांच्या मागे धावू नये. नॉर्थवूडचा निळा वाडगा सुरुवातीलाच परवडणार नाही आणि स्वस्तात मिळाला तर शंका घ्यावी. फिरोजाबादचे झाकेचे पेले आपल्या ऐपतीत बसू शकतात. त्यांची नक्षी बारीक आहे, आणि आपल्या घरांतूनच ते आलेले असल्यामुळे त्यांची हकिगत विचारता येते. ज्याच्याकडून घ्याल त्याला गाव, घर आणि काळ एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे त्याच दिवशी वहीत लिहावीत. अशी वही सांभाळणारा साध्या पेल्यांचा संग्राहक आम्हाला नावानिशी महागड्या वस्तू मांडणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

वस्तू हातात आली की डोळ्यांनी नंतर, बोटाने आधी पाहावे. कडेवरून बोटाचे पेर सावकाश फिरवले की टवका उडालेला लगेच कळतो. कड एके ठिकाणी अकारण सपाट आणि बोथट लागली, तर टवका लपवण्यासाठी तेथे काच घासलेली आहे असे समजावे. मग वस्तू उजेडासमोर धरून हळूहळू फिरवावी. तडा असेल तर एका विशिष्ट कोनात तो चांदीच्या रेषेसारखा चमकून जातो. आतले बुडबुडे आणि काडीसारख्या दिसणाऱ्या बारीक रेघा या काच ओतताना आलेल्या असतात, त्या तड्यात मोजू नयेत आणि त्यासाठी किंमतही पाडून मागू नये. साच्याच्या जोडाची उभी रेघ हा तर दोषच नाही. झाक पाहताना दिव्याचा नव्हे, दिवसाचा उजेड घ्यावा. दुकानातील पिवळे दिवे फिक्या झाकेलाही झळाळी देतात.

अलीकडे काही जण अतिनील प्रकाशाची टॉर्च घेऊन हिंडतात. तिच्या उजेडात हिरवीगार चमकणारी काच युरेनियम असलेली असते, एवढेच त्यातून कळते. ती किती जुनी, कोणाची आणि तिच्यावरची झाक जुनी की नवी, हे टॉर्च सांगत नाही. केवळ त्या चमकेसाठी जादा पैसे देऊ नयेत.

मांडणीसाठी काचेच्या दारांचे उथळ कपाट पुरे. ताटल्या एकमेकींवर रचायच्या असतील तर मध्ये फ्लॅनेलचे तुकडे घालावेत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. सासऱ्यांकडून आलेला झाकेचा वाडगा त्याला द्यावा अशी इच्छा आहे. बॅगेत घालून नेता येईल का? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : विचारलेत हे बरे झाले. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी असलेली ऐतिहासिक किंवा कलाकुसरीची वस्तू व्यक्तीला स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मूळची परदेशी आहे म्हणून ती आपोआप सुटते असे समजू नये. आपला वाडगा १९१० च्या सुमाराचा अमेरिकन असेल तर तो शंभरी ओलांडलेला आहे. तो नंतरचा असेल तरी विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला नुसते पाहून ते कळणार नाही. यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का, हे प्रवासाच्या पुष्कळ आधी पाहावे. अर्जासोबत वस्तूची सर्व बाजूंनी काढलेली स्पष्ट छायाचित्रे, बुडाचे वेगळे छायाचित्र आणि मोजमापे द्यावीत. खरेदीची जुनी पावती किंवा घरातील नोंद असल्यास तीही जोडावी.

प्रमाणपत्र मिळाले तर वाडगा सामानाच्या बॅगेत न घालता हातातल्या बॅगेत न्यावा. आधी पोकळीत मऊ कापडाचा गोळा भरावा, मग झालरीच्या प्रत्येक घडीत कागदाची सैल गुंडाळी बसवावी आणि त्यानंतरच बाहेरून फुग्यांचे प्लॅस्टिक गुंडाळावे. प्लॅस्टिक झाकेला थेट लागू देऊ नये, मध्ये मलमल असावी. प्रमाणपत्र मिळाले नाही तर वाडगा येथेच ठेवावा आणि मुलगा सुट्टीत घरी आला की त्याच्या हातात द्यावा.